माप

वर्तमानपत्राचं पान जमिनीवर पसरून
मी म्हणतो, ठेवा पाय.
बलोटे ठेवते.
पाय पानात मावत नाही.
खळ लावून मी दुसरं पान जोडतो
आणि पेन्सिल फिरवतो सावकाश,
घोट्यावरच्या वळीपाशी, बोटांवरच्या गाठींपाशी,
जिथं याला पाय म्हणावं की नाही
असा प्रश्न बाजारातल्या लोकांना पडतो.
मला पडत नाही.
कातडं किती लागेल, एवढाच पडतो.

सोडोच्या दवाखान्यामागं, पत्र्याच्या खोलीत,
दर मंगळवारी रांग लागते.
सगळ्यांच्या पायांना एकच माती:
तांबडी, पाऊस झाला की लोण्यासारखी,
मका देते, रताळी देते,
आणि कॉफी, जी बुटांच्या देशात जाते.
तिचे कण डोळ्यांना दिसत नाहीत.
अनवाणी तळव्यातून आत शिरतात
आणि वीस वर्षं बसून राहतात
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखे.

डॉक्टरीणबाई सांगतात, शाप नाही, रक्तातलं नाही.
साबण, पाणी, मलम, मोजे, बूट.
एवढंच?
एवढंच, म्हणतात त्या,
आणि झरा दीड तासावर आहे
हे त्यांनाही माहीत असतं.

मी देगेला. कातडं कमावणाऱ्यांच्या पोटचा.
बलोटेच्या सासऱ्याच्या दारात
माझा बाप कुंपणापाशीच थांबायचा.
त्याची कॉफी फुटक्या वाडग्यात, तीही लांबून.
आपली पायरी ओळखावी माणसानं, आई म्हणायची.
त्या घरची सून आता
पाय माझ्या मांडीवर ठेवते.
तिच्या बाकावर चर्चमध्ये कुणी बसत नाही.
नवरा दुसरीकडं राहायला गेला, कोंबड्या घेऊन.
पहिल्या दिवशी ती माझ्याकडं बघत नव्हती,
मीही तिच्याकडं नाही.
बरं वाटलं का मला?
थोडं वाटलं. खोटं कशाला बोलू.
वासाचं म्हणाल, तर चुन्याच्या हौदाशेजारी
वाढलेल्या माणसाला वासाचं काय.

तिची तीन वर्षांची पानं आहेत माझ्याकडं.
एकावर एक ठेवून उजेडात धरली
की दिसतं, रेघ आत आत येतेय.
बोटभर. यंदा दीड बोट.
ती ते पान मागून घेते
आणि बघत बसते, कुणाचा फोटो बघावा तशी.

आज मात्र पोरीला घेऊन आली.
मिशामे. सात वर्षांची. पोटऱ्यांपर्यंत तांबडी.
हिचं माप घ्या, म्हणाली.
म्हटलं, हिचा नंबर दुकानात मिळतो.
दुकानात पैसे लागतात.
माझे बूट फुकट, कारण मी आजारी.
हिचा पाय सुजेपर्यंत थांबू का?

मी काही बोललो नाही.
रजिस्टरात रकाने आहेत:
नाव, गाव, कुठला पाय, सूज किती.
चांगल्या पायांना रकाना नाही.

माझ्या एका बुटाच्या कातड्यात, ती म्हणाली,
हिची तीन वर्षं निघतील.

मग मी पोरीला उभं केलं त्याच पानावर,
आईच्या रेघेच्या आत.
आजूबाजूला जागा उरली, अंगणाएवढी.
पेन्सिल बोटांमधून गेली तशी ती खुदकली,
पाय ओढून घेतला, रेघ वाकडी झाली.
राहू दे म्हटलं, वाढता पाय आहे.

दोन्ही जोड कापले. एक मोठा, एक छोटा.
रजिस्टरात लिहिलं: कातडं वाया. उंदीर.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी वाचलं.
खिडकीतून बाहेर बघितलं जरा वेळ,
जिथं उरलेल्या रांगेतल्या बायांची पोरं
चिखलात गोट्या खेळत होती.
सही केली.
उंदीर फार झालेत, म्हणाल्या,
पुढच्या महिन्यात जास्त कातडं मागवा.